शाबूत काय आहे?

आलापल्ली परिसरात मोटार ही चैनीची वस्तू नव्हे. चंद्रपूर असो वा गडचिरोली, वाट शंभराहून अधिक किलोमीटरची. २०१९ च्या पावसाळ्यात तर पर्लकोटेच्या पुराने भामरागड वारंवार जगापासून तुटले होते. अशा भागात गाडीची किल्ली कुणाच्या तरी प्राणाशी बांधलेली असते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची किल्ली पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली. रिमोटचा दिवा लागेना. शेजारी प्रसूतीवेदनांनी कळवळणारी स्त्री, आणि हा पत्नीला बोल लावण्यात गुंतलेला! एक वृद्ध मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बटन राहू दे बाबू, पातं शाबूत हाये ना?" पात्याने दार उघडले, इंजिनही सुरू झाले. माता व बालक सुखरूप राहिली.

मागाहून मिस्त्रींनी उलगडा केला. किल्लीतील चोरीप्रतिबंधक चिपला सेल लागत नाही. स्टार्टरच्या कुलुपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते. रिमोट मात्र तीन व्होल्टच्या सेलवर चालतो. साबणाच्या पाण्यातून वीज वाहत राहिली की आतील तांबे झिजते. म्हणून बटण न दाबता सेल काढावा, स्वच्छ पाण्याने साबण धुवावा, सावलीत दोन दिवस वाळवून नवा सेल घालावा. तांदळात पुरण्याची गरज नाही.

संकटात आपली दृष्टी बंद पडलेल्या दिव्यावरच खिळते. घरातील माणसांविषयीही तेच घडते. चूक कोणाची, हे ठरविण्याआधी शाबूत काय उरले आहे ते पाहावे. पुष्कळदा पुढच्या प्रवासाला तेवढे पुरते.