पोपटीचं मडकं

भाचा लग्न करून केपटाऊनला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथली कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्याच किनाऱ्यावरची माणसं बोटीने गेली आणि तिथलीच झाली. गेल्या डिसेंबरात त्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. मागच्या अंगणात झाकणाची लोखंडी भट्टी, तिच्यातून निघणारा लाकडाचा धूर आणि आत जाळीवर आतड्याच्या नळीत खिमा भरून केलेलं लांबलचक वेटोळं. त्याला तिकडे 'बुअरवोर्स' म्हणतात. जाडसर खिमा, भाजलेले धणे, लवंग, जायफळ आणि सिरका. तिथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान 90 टक्के मांस असावंच लागतं. मुसलमान कसायाकडे ते हलाल मिळतं. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "फूफी, आपल्या डोलवीची पोपटी या भट्टीत होईल का?"

मी लगेच कृती लिहायला घेतली.

पोपटी थंडीतली. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत त्याच्या शेंगा भरतात. त्याच सुमारास मोकळ्या रानात भांबुर्डा उगवतो. हाताला चुरला की उग्र वास येतो. एरवी त्याला कुणी विचारत नाही. नव्या मडक्याच्या तळाशी हा पाला घालायचा. त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मग बटाटे, रताळी, सालीसकट अंडी. मध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर चोळलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून ठेवायची. वर पुन्हा शेंगा. शेवटी भांबुर्डा इतका दाबून भरायचा की मडकं उलटं केलं तरी काही सांडू नये. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती सुकी लाकडं, गोवऱ्या, पेंढा रचायचा आणि पेटवून द्यायचं. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन क्षणात उडालं, की पोपटी झाली.

भाच्याच्या भट्टीत आणि मडक्यात एक फरक आहे. भट्टीत धूर मांसाभोवती फिरतो, त्याचाच स्वाद लागतो. पोपटीत धूर जवळजवळ सगळा बाहेरच राहतो. तोंड पाल्याने बंद, वरून जमिनीचा आधार; शेंगांचं आणि पाल्याचं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं, त्यात सगळं शिजतं. वास लागतो तो भांबुर्ड्याचा.

भरण्याची हौस मात्र आमच्याकडेही होती. दादी लहान तलंग घ्यायची. खिमा आधीच कांद्यावर परतून ठेवायची, कारण मडक्यातल्या वेळात कच्चा खिमा शिजत नाही. तो आणि एक उकडलेलं अंडं कोंबडीच्या पोटात भरून ती केळीच्या सोपटाने शिवल्यासारखी बांधायची. मडकं फोडलं की सगळी मुलं त्या एका पुडीकडे बघत असायची.

इथवर लिहिलं आणि थांबले. कृती संपली होती, पण ती पोपटी कशी होत असे, ते त्यात आलंच नव्हतं.

आमच्या परसाला लागून एका आगरी कुटुंबाचं परस. पोपटी त्यांची. वाल त्यांचा, पेंढा त्यांचा, मडकं रचणारा हात काकांचा. कोंबडीही त्यांचीच असायची, पण ती कापायचे अब्बा. दुपारी काका तलंग घेऊन यायचे, अब्बा बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवायचे. मडकं दर वर्षी नवं आणलं जाई. जुन्यात पूर्वी काय शिजलं असेल याचा आम्हाला प्रश्न पडू नये, म्हणून. पोरांपैकी कुणी बाटली आणली असेल, तर आम्ही घरी जाईपर्यंत ती पेंढ्याआडून बाहेर येत नसे. हे कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आमच्या बाजूनेही काही गोष्टी होत्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी काकींचा उपास, म्हणून त्या दिवशी अब्बा पोपटीचं नाव काढत नसत. त्यांच्या घरातल्या माळकरी आजोबांसाठी शेंगा-रताळ्यांचं वेगळं छोटं मडकं लागे, आणि त्याला दादी आधी हात धुतल्याशिवाय शिवत नसे. मोठ्याचं गोश्त त्या विस्तवाजवळ अब्बांनी कधी नेलं नाही. 2015चा कायदा तेव्हा नव्हता, पण शेजार होता.

1992च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत दंगल झाली, आणि जानेवारी 1993 मध्ये पुन्हा झाली. आमच्याकडे मुंबईहून दोन कुटुंबं येऊन राहिली होती. गावात काही घडलं नाही. पण माणसं लवकर घरी परतत होती, आणि आमच्या घरातल्या सुऱ्या अम्मीने तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवल्या होत्या. उद्या कुणी झडतीला आलं, तर घरात हत्यारं आहेत असं म्हणायला नको. कांदा कापायला एक बोथट विळी तेवढी बाहेर होती.

एका संध्याकाळी दार वाजलं. मुंबईहून आलेल्या बायका आतल्या खोलीत गेल्या. मी दार उघडलं तर काका, खांद्यावर नवं मडकं आणि हातात पाय बांधलेली तलंग.

अब्बा म्हणाले, यंदा राहू दे. दिवस बरे नाहीत.

काका ओटीवर बसले. म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून मी ही कापून घेणार नाही, आणि अशीच परतही नेणार नाही.

अब्बा बराच वेळ उभे होते. मग आत गेले, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि सुरी काढली. ओटीवरून कणगी दिसत होती. सुरीला तांदळाचा कोंडा लागलेला होता, तो अब्बांनी लुंगीला पुसला. काकांनी ते पाहिलं. ते बोलले काहीच नाहीत, फक्त कोंबडी पुढे केली.

त्या रात्री जाळाभोवती दरवर्षीची दोघं-तिघं नव्हती. अब्बांच्या ते ध्यानात आलं, काकांच्याही आलं असणार. मुंबईच्या बायका बाहेर आल्या नाहीत. काकींनी त्यांच्यासाठी टोपलीभर गरम शेंगा घरी पाठवल्या. मी तेव्हा बारा वर्षांची होते. खिमा भरलेली पुडी त्या वर्षी नव्हती, एवढंच मला तेव्हा खटकलं होतं. कणगीतली सुरी समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

पुढे 1998 ते 2000 मध्ये रमजान थंडीत आला. तेव्हा काका मडकं रचून ठेवायचे आणि मगरिबची अजान झाल्यावरच काडी लावायचे. आम्ही खजूर खाऊन, नमाज पढून पोहोचेपर्यंत पहिल्या शेंगा निघत.

आता काका नाहीत, अब्बाही नाहीत. डोलवीच्या शिवारात 1990च्या दशकात पोलादाचा कारखाना आला, कुणाची जमीन गेली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली. वाल रोह्याकडून विकत आणावा लागतो. हायवेलगतच्या ढाब्यांवर पोपटीच्या पाट्या लागतात, पैसे देऊन कुणीही खावी. चवीला वाईट नसते. तिथली कोंबडी कुणी कापली, हे मात्र विचारावं लागतं. आमच्या परसात ते विचारावं लागत नव्हतं.

भाच्याला शेवटी मी लिहिलं: तुझ्या भट्टीत होईल. भांबुर्डा तिकडे मिळणार नाही, केळीचं पान बघ. तुमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा, तेव्हा थंडी जूनमध्ये पडेल, तोवर थांब. खिमा आधी शिजवून मग भर. पण त्याआधी कुंपणापलीकडे कोण राहतं, ते काय खातात, काय खात नाहीत, कोणत्या दिवशी खात नाहीत, ते विचारून घे. मडकं नंतर शोध.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "फूफी, सात वर्षं झाली इथे राहून. शेजाऱ्याचं फक्त आडनाव माहीत आहे. आज जाऊन येतो."