रत्नागिरीचे चार आठवडे

मे महिन्यांत आम्ही दोघी मैत्रिणी रत्नागिरीस निघालों, तेव्हां घरच्या मंडळींची समजूत अशी झाली कीं, शिक्षणाचें निमित्त काढून पोरी आंबे खावयास चालल्या आहेत. समजूत अगदींच खोटी नव्हती. परंतु कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्यास एकंदर वीस आठवडे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी करावी लागते, आणि ती एका वर्षांत सलग चार आठवड्यांहून अधिक करतां येत नाहीं, असा बार कौन्सिलचा २००८ सालचा नियम आहे. वर्गांतील बहुतेकांनीं मुंबईच्या मोठमोठ्या कचेऱ्या गांठल्या. आम्हीं मावशीचें घर गांठलें.

आंबा घाट उतरून एस्. टी. पहांटे रत्नागिरींत शिरली, तेव्हां खारा वारा आणि पिकल्या फणसाचा वास एकदमच अंगावर आला. मावशीचें घर टिळक आळीपासून हाकेच्या अंतरावर. लोकमान्यांचा जन्म १८५६ सालीं याच गांवीं झाला आणि १८७९ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, हें मावशीनें पहिला चहा पुढें करतांनाच आम्हांस ऐकवलें. त्यामुळें आमच्यावरची जबाबदारी उगाचच वाढल्यासारखी वाटली.

ज्यांच्या हाताखालीं आम्ही होतों, ते वकीलसाहेब साठी उलटलेले. गरजूंचे खटले सरकारी खर्चानें चालविणाऱ्या वकिलांच्या यादींत त्यांचें नांव आहे. न्यायालयांस उन्हाळी सुटी असली तरी त्यांच्या ओटीस सुटी नसे. सकाळीं आठपासून पायरीवर माणसें बसलेलीं असत. कोणाच्या सामायिक बागेंतील कलमें भावानें परस्पर खंडानें दिलेलीं, कोणाचा मुलगा कोठडींत, कोणाच्या सातबारावर मुंबईच्या चुलत्यांचींच नांवें अधिक. आलेल्याची हकीकत ऐकून टिपण करावें आणि कागदपत्रें सांगावींत, हें आमचें काम.

दुसऱ्याच आठवड्यांत आमच्या हातून एक चूक घडली. पांवसच्या बाजूच्या एका वाडींतून चाळिशीची एक बाई पहिल्या गाडीनें आली. नवऱ्यानें टाकून तिला चार वर्षें झालीं होतीं. पोटगीचा अर्ज करावयाचा होता. वकीलसाहेब बाहेर गेलेले. आम्हीं सारी हकीकत सुवाच्य लिहून घेतली आणि मोठ्या जबाबदार सुरांत सांगितलें, "बाई, फुकट वकील हवा असेल तर आधीं उत्पन्नाचा दाखला आणा." तिनें तो कोठें मिळतो तें विचारून घेतलें, पदर सावरला आणि ती गेली.

दुपारीं वकीलसाहेबांनीं टिपण वाचलें. ते रागावले नाहींत. कपाटांतून १९८७ चा विधिसेवा कायदा काढून त्यांनीं बारावें कलम आमच्यापुढें ठेवलें, इतकेंच. स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचीं माणसें, अपंग, कोठडींत असलेले यांना मोफत वकील मिळण्यास त्या कलमांत उत्पन्नाची अट नाहीं. ती स्त्री आहे, एवढेंच पुरें होतें. हें कलम परीक्षेंत आम्हीं लिहिलें होतें, आणि त्याला गुणही चांगले पडले होते!

"मुलींनो, आंब्याचा हंगाम आहे," वकीलसाहेब म्हणाले, "ती पेट्या भरायला जाणारी बाई. दाखल्यापायीं तिचे दोन-तीन रोज बुडतील, आणि मग ती पुन्हां येणार नाहीं."

तिच्या मोबाइलचा क्रमांक घेण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. पत्ता म्हणून लिहिलें होतें 'खालची वाडी'. आणि तसल्या खालच्या वाड्या त्या रस्त्यावर गांवोगांव.

वकीलसाहेब रविवारीं दहावी-बारावीच्या मुलामुलींचा एक वर्ग चालवीत. तो त्या महिन्यांत आमच्याकडे होता. पुढच्या रविवारीं मुलांना घेऊन आम्ही थिबा राजवाड्यावर गेलों. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें आणि पुढल्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. राजवाडा तयार झाला १९१० सालीं. १९१६ सालीं राजा येथेंच वारला. जवळच्या उंचवट्यावरून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. हीं सालें आम्ही उत्साहानें सांगत असतां एका मुलानें विचारलें, "ताई, राजावर खटला कोणत्या कोर्टांत चालला?"

खटला चाललाच नव्हता. थिबा कांहीं साधुपुरुष नव्हे. तो गादीवर आला त्या सुमारास राजकुळांतील कित्येकांची कत्तल झाली होती. पण दोषी असो वा निर्दोष, न्यायासनापुढें उभें राहून आपलें म्हणणें मांडण्याची संधि त्याला तीस वर्षांत मिळाली नाहीं. हें सांगतांना आमचा आवाज खालीं आला. न्यायाच्या दारांतून परत धाडलेली एक बाई आमच्याही खात्यावर होती.

आम्हीं मुलांना झालेली गोष्ट सरळ सांगून टाकली. शिकवणाऱ्यानें आपली चूक सांगावी कीं नाहीं, याचा विचार करीत बसलों असतों तर धीर झाला नसता. मुलें हंसलीं नाहींत. मागें बसलेली अकरावींतील एक मुलगी म्हणाली, "ताई, ती आमच्या वाडींतली काकी असणार. मी नेतें तुम्हांला."

दुपारच्याच गाडीनें आम्ही तिच्याबरोबर निघालों. भाट्याचा पूल ओलांडला कीं उजव्या हाताला सुरूचें बन आणि समुद्र; मग गाडी चढण चढून सड्यावर येते. तापलेला काळा कातळ, खुरट्या काजू, चिऱ्यांचे गडगे आणि गडग्यांआड हापूसचीं कलमें. अशाच एका बागेच्या मांगरांत ती बाई पेटींत गवत पसरून आंबे रचीत बसली होती. दाखल्यासाठीं तिच्या दोन खेपा झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेस रोज बुडवणें परवडेना, म्हणून तिनें नाद सोडला होता.

आम्हीं चूक कबूल करून क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमचा काय दोष, बाय? कागद लागणार हें मी धरूनच आले होते."

रागाचे चार शब्द परवडले असते. दारांत जावें आणि परत पाठवलें जावें, याची तिला इतकी संवय झाली होती!

तेथेंच एका पेटीवर कागद ठेवून आम्हीं अर्ज लिहिला आणि अंगठ्यासाठीं शाईची डबी पुढें केली. तिनें चीक लागलेलीं बोटें पुसलीं, डबी बाजूला सारली आणि सावकाश, सुबक अक्षरांत सही केली. आमच्या चुका आतां दोन झाल्या.

तिला वकील मिळाला आहे. पोटगीचा निकाल लागेल तेव्हां लागेल. गरिबीमुळें कोणी न्यायाला वंचित होऊं नये, असें कलम ३९-अ राज्यघटनेंत १९७६ सालीं घातलें गेलें; पण तें मांगरापर्यंत पोंचवावयास कोणी तरी एस्. टी.नें जावें लागतें. वाचकभगिनींस आमचें एवढेंच मागणें आहे कीं, घरीं कामाला येणाऱ्या बाईस किंवा अडचणींत असलेल्या आपल्याच एखाद्या नातलग स्त्रीस हें बारावें कलम सांगून ठेवावें. १५१०० या क्रमांकावर विनामूल्य चौकशी करतां येते.

परत येतांना मावशीनें आंब्यांची पेटी दिली. घरीं सर्वांनीं आंब्यांचें कौतुक केलें. आम्ही दोघी मात्र गवताचे थर पाहत राहिलों.