गॅलरीतल्या वह्या

२००९ साली नोकरीसाठी म्युनिकला आले आणि वेस्टएंड भागात दोन खोल्यांचं घर घेतलं. ट्रापेनट्रॉय रस्ता तिथून चालत पाच मिनिटांवर. त्या रस्त्यावर १५ जून २००५ रोजी थेओडोरोस बुल्गारिदेस या ४१ वर्षांच्या माणसाला त्याच्या दुकानात गोळ्या घालून मारलं होतं. किल्ल्या बनवायचं दुकान होतं ते, उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी दोन वर्षं त्या दारावरून भाजीच्या पिशव्या घेऊन गेले आणि मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांपैकी कुणी कधी विषय काढला नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये सगळं बाहेर आलं. आयझेनाख गावात बँक लुटून पळालेले दोघे एका गाडीत मेलेले सापडले आणि त्यातून ‘नॅशनल सोशलिस्ट अंडरग्राउंड’, म्हणजे एनएसयू, ही नवनात्सी टोळी उघड झाली. २००० ते २००७ या काळात या टोळीने दहा माणसं मारली होती. आठ मूळचे तुर्कस्तानचे, एक ग्रीक म्हणजे आमच्या गल्लीतले बुल्गारिदेस, आणि एक तरुण पोलीस महिला. नऊ जणांसाठी पिस्तूल एकच वापरलं होतं.

इतकी वर्षं पोलीस काय करत होते? मारेकरी बळींच्या घरातच शोधत होते. जुगार, अमली पदार्थ, तुर्की माफिया असं काहीबाही. न्यूरेंबर्गला फुलं विकणारे एनवर शिमशेक हे पहिले बळी. त्यांच्या बायकोला पोलिसांनी एका बाईचा फोटो दाखवून ‘तुमच्या नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड होतं’ असं सांगितलं. ती बाई आणि ते बिऱ्हाड दोन्ही पोलिसांनी रचलेलं होतं. वर्तमानपत्रं या खुनांना ‘डोनर-खून’ म्हणत. डोनर म्हणजे मांसाचा एक तुर्की पदार्थ. मेलेल्या माणसांना खाण्याच्या पदार्थाचं नाव द्यायचं! २०११ च्या निकृष्ट शब्दाचा मान जर्मन भाषातज्ज्ञांनी त्या शब्दाला दिला, पण तोवर पहिल्या खुनाला अकरा वर्षं उलटली होती.

खटला म्युनिकमध्येच चालला. ६ मे २०१३ ला नीम्फेनबुर्गर रस्त्यावरच्या फौजदारी न्यायालयात तो सुरू झाला. त्याआधी पत्रकारांच्या ५० जागांवरून वाद पेटला. तुर्की वृत्तपत्रांना त्यातली एकही राखीव जागा मिळाली नव्हती. केंद्रीय घटना न्यायालयाने लक्ष घातलं, जागांचं वाटप नव्याने झालं आणि तारीख पुढे गेली. हे सगळं वाचून मी ठरवलं, एकदा तरी जाऊन बसायचं. निदान त्या दुकानावरून रोज गेल्याबद्दल.

सप्टेंबरमध्ये रजा टाकून पहाटे रांगेत उभी राहिले. खिडकी नसलेलं ते दालन, वरची गॅलरी, खाली मुख्य आरोपी बेआटे चेपे. ती काही बोलत नव्हती; वकिलामार्फत तिचं पहिलं निवेदन वाचलं गेलं ते थेट डिसेंबर २०१५ मध्ये. माझ्या शेजारी तिशीतली एक बाई वहीत लिहीत होती. मान वर न करता, पान उलटताना तेवढी थांबत. दुपारच्या सुट्टीत विचारलं, पत्रकार का? म्हणाली, नाही, एनएसयू-वॉच. फॅसिझमविरोधी गट आणि अभिलेखागारांनी मिळून उभं केलेलं हे काम. प्रत्येक दिवशी हजर राहायचं, ऐकलेलं सगळं लिहून काढायचं आणि लोकांपुढे ठेवायचं.

“पण ते तर कोर्ट करतच असेल ना?” मी विचारलं.

तिचं उत्तर ऐकून मी थक्क झाले. जर्मनीत इतक्या मोठ्या फौजदारी खटल्यात साक्षीदार काय बोलला याची अधिकृत शब्दशः नोंद होतच नाही. कोण आलं, कोणता अर्ज झाला, कोणता आदेश निघाला एवढंच न्यायालयाच्या कागदावर येतं. ध्वनिमुद्रणाला तेव्हा बंदी होती. न्यायाधीश आपापली टिपणं काढतात, ती त्यांच्यापाशीच राहतात. म्हणजे शिमशेकांची बायको त्या दालनात जे सांगेल ते संध्याकाळी हवेत विरून जाणार होतं.

माझे बाबा साताऱ्याच्या कोर्टात लघुलेखक होते. घरी त्यांच्या शॉर्टहँडच्या वह्यांचे गठ्ठे असत. त्या रात्री फोनवर त्यांना हे सांगितलं. त्यांना पटेना. “अगं, मग साक्षीदाराला वाचून काय दाखवतात?” त्यांनी विचारलं. आपल्याकडे साक्ष संपली की ती वाचून दाखवायची, बरोबर आहे असं साक्षीदाराने म्हणायचं आणि मग सही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आपल्या पद्धतीतली खोटही त्यांनीच सांगितली. माणदेशातला गडी पोटतिडकीने चार वाक्यं बोलतो, न्यायाधीश त्याचं एक वाक्य करून सांगतात आणि कागदावर तेवढंच उतरतं. “त्याचं रडणं आम्ही कधी लिहिलं नाही,” बाबा म्हणाले.

१ ऑक्टोबरला मी कामावर होते. त्या दिवशी कासेल शहरातल्या इस्माईल योझगात यांची साक्ष झाली. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा हालित ६ एप्रिल २००६ ला स्वतःच्या इंटरनेट कॅफेत मारला गेला आणि तो पहिल्यांदा दिसला तो बापाला. साक्ष देताना ते उठले आणि मुलगा कसा पडला होता ते दाखवायला न्यायालयाच्या फरशीवर आडवे झाले. हे मी वाचलं ते एनएसयू-वॉचच्या टिपणात. ते आडवे झाले हेही तिथे लिहिलेलं होतं. मी ते पान बाबांना फोनवर मराठीत सांगत गेले, तेव्हा पलीकडून हुंकारसुद्धा येत नव्हता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा आले. बाबांनी हट्टच धरला. जर्मनचा गंध नसताना ते माझ्याबरोबर पूर्ण दिवस गॅलरीत बसले. खाली काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते शेजारच्या वहीकडे बघत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, “तिला शॉर्टहँड येत नाही. तरी हात थांबला नाही.” त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कधी ऐकली नव्हती.

हे काम करणाऱ्यांच्या पाठीशी सरकार होतं असं कुणी समजू नये. म्युनिकमध्ये आइडा नावाचं अभिलेखागार १९९० पासून अतिउजव्यांची पत्रकं, सभा, मोर्चे यांच्या नोंदी ठेवतं. कोण कुठल्या सभेत कुणाशेजारी उभा होता, कुठलं पत्रक कुणाच्या पत्त्यावरून निघालं अशी ती कंटाळवाणी कामं. बायर्न राज्याच्या गुप्तचर खात्याने २००८ च्या अहवालात याच संस्थेला डावे अतिरेकी ठरवलं. संस्था न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये ते नाव वगळायचा आदेश मिळवला. दुसरीकडे, टोळी उघड झाल्यावर आठवडाभरात, ११ नोव्हेंबर २०११ ला, केंद्रीय गुप्तचर खात्यात नवनात्सींमधल्या खबऱ्यांच्या फायली यंत्रात घालून फाडल्या गेल्या. एका बाजूला कागद फाडणारे पगारी अधिकारी होते आणि दुसऱ्या बाजूला देणग्यांवर कागद जपणारे हे लोक.

त्यांची चूक मात्र त्यांनी लपवली नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त आदर आहे. मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी मे २००६ मध्ये कासेलला मोर्चा काढला होता. दहावा बळी नको, ही त्यांची मागणी होती. खुनी परदेशी लोकांचा द्वेष करणारे आहेत हे त्या कुटुंबांनी तेव्हाच ओळखलं होतं. पण अतिउजव्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे हे जर्मन कार्यकर्ते त्या मोर्चात जवळपास नव्हतेच. आम्हीही ऐकलं नाही, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. हे वाचून मला आपलं म्युनिकमधलं गप्प राहणंही टोचलं. आम्ही भारतीय अभियंते, चांगल्या पगाराचे. ‘ते तुर्क लोकांचं आहे’ असं आमच्यातही बोललं जायचं.

तो समज २२ जुलै २०१६ ला गळून पडला. म्युनिकच्या ऑलिंपिया खरेदी केंद्राच्या परिसरात एका अठरा वर्षांच्या मुलाने नऊ जणांना मारलं. बहुतेक जण परदेशी वंशाच्या घरांतले, कोवळ्या वयाचे. त्या रात्री रेल्वे बंद होत्या, आम्ही दिवे मालवून बसलो होतो. माथेफिरूचं कृत्य म्हणून ते नोंदवलं गेलं. मुलाच्या डोक्यातला वंशद्वेष सुरुवातीपासून दिसत असूनही बायर्नच्या पोलिसांनी त्याला अतिउजवा गुन्हा म्हणायला २०१९ उजाडलं.

११ जुलै २०१८ ला, ४३८ व्या दिवशी, निकाल लागला. चेपेला जन्मठेप. एका साथीदाराला अपेक्षेपेक्षा फारच कमी, अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि गॅलरीतल्या नवनात्सींनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापासून काही हातांवर वह्या उघड्याच होत्या. टाळ्यांचीही नोंद झाली. मी बाहेर रस्त्यावर गर्दीत उभी होते, तिथे मारल्या गेलेल्यांचे फोटो धरून लोक उभे होते.

लेखी निकालपत्र एप्रिल २०२० मध्ये आलं, ३,०२५ पानांचं. मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी काय सोसलं याला त्यात जागाच नाही, अशी त्यांच्या वकिलांनी जाहीर तक्रार केली. ते सगळं आज सापडतं ते गॅलरीतल्या त्या वह्यांमध्ये. बाबा निकालानंतर वर्षभराने गेले. त्यांच्या शॉर्टहँडच्या वह्या आता मी इकडे आणल्या आहेत, मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

एनएसयू-वॉचची टिपणं मात्र कुणालाही वाचता येतात. ती खुली आहेत. जर्मन येत असेल तर १ ऑक्टोबर २०१३ चा दिवस काढा आणि इस्माईल योझगात यांची साक्ष घरात कुणाला तरी मराठीत वाचून दाखवा.