दीर्घिकेची जवळची कड

केंद्र सरकारच्या एका दफ्तरात सारी हयात खर्ची घालून नोएडात स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या माणसाला दीर्घिकांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु दिल्ली विद्यापीठात खगोलभौतिकीचा अभ्यास करणारी माझी भाची वसतिगृहातल्या थंडीला कंटाळून संगणकासह आमच्याकडे मुक्कामाला आली, आणि ज्या दिवसांत धुरक्यामुळे गच्चीवरून समोरची इमारतही धड दिसत नव्हती, त्याच दिवसांत एक अखंड दीर्घिका सर्व बाजूंनी न्याहाळण्याचा योग मला लाभला.

ही दीर्घिका अर्थातच आकाशातली नव्हती. जर्मनीतील श्टुटगार्टच्या महासंगणकावर 'इलस्ट्रिस टीएनजी' नावाची जी विश्वे गणिताने घडविण्यात आली, त्यांपैकी टीएनजी-५० हे सुमारे १७ कोटी प्रकाशवर्षे बाजूच्या घनाएवढे असून, त्याच्या इतिहासाच्या १०० नोंदी रीतसर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळतात. दफ्तराची ही शिस्त मला मनापासून आवडली. त्यातून भाचीने एकच दीर्घिका वेगळी काढली होती. पडद्यावर आरंभी काळोखात एक पांढरा गोळा तेवढा दिसला. "मामा, मधला भाग लाखोपट दाट आहे. सगळ्यांना एकच माप लावलं तर कडेच्या वायूच्या वाट्याला काळोखच येणार," असे म्हणून तिने घनतेऐवजी घनतेचा लॉगरिदम घेतला, आणि गोळ्याभोवती सर्पिल भुजा, त्यांच्याही पलीकडे विरळ वायूच्या लांबलचक धारा उमटत गेल्या. यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक तारा नव्हे, तर सुमारे ८५,००० सूर्यांइतके वस्तुमान, हेही तिने बजावले.

चित्र मात्र सपाटच होते, म्हणून भाचीने आधी लाल-निळ्या काचांचा चष्मा दिला. त्यातून खोली दिसते खरी, पण माझे डोके दुखू लागले. शिवाय चित्र नुसते संथपणे फिरविले तरी चष्म्यावाचून डोळ्यांना खोली कळते, असे ध्यानात आले. कडेने पाहता पापडासारखी पातळ दिसणारी ती तबकडी तिरपी होऊन फिरू लागली. मला ती डावीकडून उजवीकडे फिरताना दिसे, आमच्या सौभाग्यवतींना नेमकी उलट. ठिपके पारदर्शक, शिवाय दूरचे नि जवळचे सारख्याच आकाराचे, तेव्हा कोणती कड पुढे आणि कोणती मागे याचा पुरावाच चित्रात नाही, असा भाचीने निर्वाळा दिला.

या वादाला थोर पूर्वेतिहास आहे. खऱ्या दीर्घिकेला एक फेरी पुरी करावयास कोट्यवधी वर्षे लागतात आणि तिची एकच बाजू आपल्या वाट्याला येते. त्यामुळे सर्पिल भुजा फिरण्याच्या दिशेने पुढे रोखलेल्या असतात की मागे फरफटतात, यावर स्वीडनचे लिंडब्लाड आणि अमेरिकेचे हबल या खगोलशास्त्रज्ञांचे मतभेद होते. भुजा मागे फरफटतात, असा निष्कर्ष हबल यांनी १९४३ साली काढला तो धुळीच्या साक्षीवर : तबकडीतील धुळीचे काळे पट्टे मध्यभागाच्या उजेडावर ज्या बाजूस उठून दिसतात, ती बाजू आपल्याला जवळची.

भाचीनेही तोच पुरावा दाखल केला. वायूबरोबर धूळ आहे असे धरून, ती मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवील अशी तजवीज तिने केली. तबकडीच्या खालच्या बाजूस काळसर पट्टी आली आणि तत्क्षणी आम्हा उभयतांचे मत एक झाले. मात्र वायूच्या किती भागामागे किती धूळ धरावी, हा आकडा तिने आपल्या अखत्यारीत ठरविला होता, म्हणून चित्राखाली त्याची नोंद असावी असा आग्रह मी धरला. जागा अपुरी पडते, ही तिची सबब मी फेटाळून लावली.