चाक आणि कमान

स्वारगेटला पहाट झाल्याचे चटकन कळत नाही. कारण तेथे रात्र कधी पुरती होतच नाही. एकीकडे सातारा, कोल्हापूर, सोलापूर या दिशांना निघालेल्या एस.टी. गाड्यांची घरघर, तर दुसरीकडे गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे भाजी, फळे आणि फुले वाहून नेणाऱ्या वाहनांची रांग.

अशाच एका पहाटे पुरंदर तालुक्यातील एक तरुण शेतकरी आपली पिकअप गाडी घेऊन दिवेघाट उतरून आला. हौद्यात घरच्या बागेतील अंजिरे होती. पिकलेले अंजीर मोठे नाजूक! बोट जरा जोराने लागले, तरी त्याची साल फुटते. आडत्याने करंड्या उघडल्या, तेव्हा तळची फळे चेचलेली निघाली. भाव पडला. ती फळे आईने पाने बाजूला सारून एकेक करून खुडली होती, हे आठवून तरुणाचा चेहरा उतरला.

तो तडक स्वारगेटजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला.

“काका, चारही टायर मोठे घाला आणि मागे दोन पाटे वाढवा. पैसे साठवून आणले आहेत. गाडी कशी उंच आणि ऐटदार दिसली पाहिजे!”

मिस्त्री हसले. “बाळा, गाडी मिरवायची आहे, की अंजिरे पोचवायची आहेत?”

त्यांनी खडू घेतला. जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ असे अंक होते. पहिला अंक टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती, ते सांगतो. आणि शेवटचा, आतल्या रिमचा व्यास इंचांत देतो. त्या हिशेबाने टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरला. तरुणाला हव्या असलेल्या २३५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७३४ निघाला.

“म्हणजे गाडी उंच होणार अवघी दीड सेंटिमीटर,” मिस्त्री म्हणाले. “पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती नऊ सेंटिमीटरांहून अधिक पुढे जाणार. मीटर साठ दाखवील, तेव्हा खरा वेग साडेबासष्ट असेल. घाट चढताना इंजिनाला ओढ पडेल, ती निराळीच. शिवाय मूळ बांधणीत मनास येईल तसा बदल करण्यास १९८८ चा मोटार वाहन कायदाही आडवा येतो.”

“आणि पाटे?”

“कमानपाटे जितके अधिक, तितकी कमान ताठ. लोखंड वाहायचे असते, तर गोष्ट वेगळी. हलक्या ओझ्याखाली ताठ कमान लवत नाही. मग रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट करंडीला बसतो.”

मग मिस्त्री गाडीखाली शिरले. खरे दुखणे तेथे होते. एक पाटा तडकलेला, बुश झिजलेले आणि दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल गळून गेलेले! कमान धक्का झेलते. पण त्यानंतरचे तिचे हेलकावे थांबवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे असते. तो निकामी झाला, की एका खड्ड्याने फळे अनेकदा उसळतात.

धक्के सोसण्याची माणसाची ही धडपड जुनी आहे. १८८७ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. खडबडीत वाटेवर मुलाला सुख लाभावे, एवढाच त्यांचा हेतू होता. मोठी युक्ती पुष्कळदा अशा लहानशा मायेतून जन्मते.

दुपारपर्यंत पाटा बदलला, नवे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बसले, जुन्याच मापाच्या टायरांत बेताची हवा भरली गेली. साठवलेल्या पैशांतील अर्ध्याहून अधिक पैसे खिशातच राहिले.

दुसऱ्या पहाटे तीच गाडी पुन्हा यार्डात आली. पूर्वीइतकीच बुटकी, रस्त्यावर कोणी वळूनही पाहिले नाही. आडत्याने करंडीच्या तळाशी हात घातला आणि एक अंजीर वर काढले. त्याची साल अभंग होती आणि देठाशी पहाटेचा थंडावा अजून तसाच होता.