काजळी

"या दिवाळीत त्याला जरा समजावून सांग," असे अक्काने मला पत्र लिहावे तसे गंभीरपणे फोनवर बजावले होते. माझा भाचा सत्तावीस वर्षांचा झाला, तरी त्याचे संशोधन संपायचे नाव घेत नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला उपदेशाचा कंटाळा कधीच नसतो! नरकचतुर्दशीला फराळाचे ताट पुढे ओढून मी सरळ विचारले, "बाबा रे, तू तिथे करतोस तरी काय?"

"तारांना काजळी धरवतो, मामा."

मला ती थट्टा वाटली. पण नव्हती. सिलिकॉनच्या चकतीवर तो सोन्याचे सूक्ष्म कण पसरतो आणि तापल्या नळीत सिलेन नावाचा वायू सोडतो. वायूतले सिलिकॉन सोन्यात विरघळते आणि सोन्याचा थेंब डोक्यावर घेऊन खालून तार उगवते. जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी! ही युक्ती वॅग्नर आणि एलिस यांची, १९६४ सालची. मग त्याच नळीत ॲसिटिलीन. जत्रेतल्या कार्बाइडच्या दिव्यात जळायचा, तोच वायू. पण नळीत हवा नसल्याने तो जळत नाही, उष्णतेने फुटतो आणि त्यातला कार्बन तारेवर बसतो.

"आणि हा खटाटोप कशाला?"

"बॅटरीसाठी. ग्राफाइटच्या जवळजवळ दसपट लिथियम तेवढ्याच वजनाचे सिलिकॉन धरते. पण धरताना तिपटी-चौपटीने फुगते, मग तडकते. बारीक तारांना फुगायला जागा मिळते, हे २००७ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी दाखवलं. वरचा लेप वीज वाहून नेतो, शिवाय बॅटरीतल्या द्रवापासून तारेला जपतो."

अक्का पलीकडे नातीच्या तिटीसाठी काजळ धरत बसली होती. एरंडेलाच्या दिव्यावर चांदीची ताटली. मान वर न करता तिने विचारले, "सगळीकडे सारखी धरते का रे तुझी?"

भाच्याच्या हातातली चकली तशीच राहिली.

"नाही ना, आई. नळीच्या तोंडाशी दाट, आत विरळ. आठ महिने त्यातच गेले."

"मला नाही कधी सांगितलंस."

तो काही बोलला नाही. उठून तिच्याजवळ उकिडवा बसला. मी आपला दुसरा अनारसा उचलला.

"मधूनमधून ताटली फिरवावी लागते," अक्का म्हणाली आणि ती त्याच्या हातात दिली. "धर. बोट लावू नकोस."