सात खुर्च्या

आमच्या अँटॉप हिलच्या सोसायटीत यंदा कमिटीची निवडणूक आहे. तमिळ, पंजाबी, मुसलमान, मराठी, थोडे उत्तर प्रदेशचे... सगळी मिसळ. गेले पंधरा दिवस जिन्याजिन्यात आडनावं मोजणं चालू आहे. ‘आमचा एक तरी हवा!’ तरुणांना हे मागासलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. नागरिकशास्त्राचं पुस्तक सांगतं की मुख्यमंत्री आपले सहकारी निवडतात. ते कसे निवडतात, हे मात्र इतिहासाच्या तासालाच कळतं.

1937 साल घ्या. मुंबई प्रांतात मराठी, गुजराती, कानडी जिल्हे एकत्र होते. 1935 च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या, जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. गव्हर्नरांना वरून जे आदेशपत्र होतं त्यात म्हटलं होतं, की शक्य तिथवर महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांची माणसं मंत्रिमंडळात असावीत. सक्ती नाही, नुसतं ‘शक्य तिथवर’. तर मंत्री सात. खेर मराठी ब्राह्मण, मुन्शी आणि मोरारजी गुजराती, अण्णासाहेब लठ्ठे ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले जैन, ल. मा. पाटील, डॉ. गिल्डर पारशी आणि नुरी मुसलमान. लग्नाच्या पंगतीत पानं मांडावीत तशी मांडणी!

पण खरा वाद पहिल्या पानावरून झाला. मुंबईत काँग्रेसचे पुढारी होते वीर नरीमन (नरीमन पॉइंट ज्यांच्या नावाचा, तेच). मुख्य मंत्री तेच होणार असं पुष्कळांनी धरलं होतं. झाले खेर. नरीमननी वल्लभभाईंवर आरोप केला, आणि ‘पारशी म्हणून डावललं’ अशी ओरड वर्तमानपत्रांत झाली. गांधीजी आणि बहादुरजी यांनी चौकशी करून वल्लभभाईंना निर्दोष ठरवलं. त्या निकालावर मी काय बोलणार? पण पारशी समाजाचा ‘वाटा’ तर गिल्डरांच्या रूपाने दिलाच होता. तरी लोक चिडले. म्हणजे वाटा वेगळा आणि मुख्य खुर्ची वेगळी, हे लोकांना बरोबर कळतं.

आणि गिल्डरांचं तरी काय झालं पाहा. हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर. त्यांच्याकडे आरोग्य आलं आणि त्याबरोबर अबकारी खातं. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, आणि ती लागू करायची जबाबदारी त्यांची. दारूच्या धंद्यात पारशी पुष्कळ! ज्या समाजाचा माणूस म्हणून ते तिथे आहेत असं लोक समजत होते, त्याच समाजाचा राग त्यांनी अंगावर घेतला. मला हे फार आवडतं. खुर्चीवर बसल्यावर माणूस सगळ्यांचा होतो तो असा. नुरींच्या बाबतीत मुस्लिम लीगची तक्रार उलटी होती. काँग्रेसने आपल्या पसंतीचा मुसलमान उचलला, आमचा नाही, असं ती म्हणे. एका समाजाच्या माणसाची निवड दुसऱ्याने करायची, हा तिढा आमच्या जिन्यातही आहेच.

त्याच वर्षी मुंबईचे महापौर झाले डॉ. एलिजा मोझेस, मराठी बोलणारे बेने इस्राएली. महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. महापौरपद दरवर्षी एकेका समाजाकडे फिरवायचं असा तेव्हा संकेत होता. पुढच्या वर्षी चिनॉय, मग करंजिया. कायद्यात कुठे नव्हतं. अर्थात कारभाराची किल्ली 1888 च्या कायद्याने कमिशनरकडे, त्यामुळे खुर्ची फिरवायला जड गेलं नसावं!

लंडनचा भाचा हे वाचत असेल, त्याच्यासाठी : तुमच्या शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये 1998 पासून हे सगळं लेखी आहे. आमदाराने आपण कोणत्या गटाचे ते नोंदवायचं, वरची दोन पदं सारख्या अधिकारांची, एक गेला की दुसऱ्याचंही पद जातं. 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 तिथे सरकार बसूच शकलं नाही. तेव्हा लेखी असलं म्हणजे सुटलं, असंही नाही.

असो. त्या सात नावांत मी दरवेळी थांबते ती न आलेल्या नावापाशी. 175 जणांच्या विधानसभेत 15 जागा अस्पृश्य समाजासाठी राखीव होत्या, मंत्री मात्र एकही नाही. आणि बाबासाहेब त्याच सभागृहात होते, विरोधी बाकावर. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते राहत दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृहात. आमच्या इथून ते फार लांब नाही. पारशी मोजले, मुसलमान मोजले, गुजराती मोजले... 1946 मध्ये खेरांचं दुसरं मंत्रिमंडळ आलं, त्यात गणपतराव तपासे मंत्री झाले. मधे नऊ वर्षं गेली होती.